नंबर जुळला, बेअरिंग बसलं नाही

प्रिय ताई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. मला तसंच लिहिता येतं. तू उगाच मला फूटपट्टी म्हणत नाहीस.

१. सोमवारी सकाळी तू गाडी आमच्या वर्कशॉपला आणलीस. वेग वाढला की पुढून घुमल्यासारखा आवाज येतो, अशी तक्रार होती.

२. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं निघालं.

३. मी गाडीचा चासी नंबर घालून नवं बेअरिंग मागवलं. मंगळवारी दुपारी ते आलं. बसलं नाही.

४. बुधवारी सकाळी मी काढलेलं जुनं बेअरिंग मोजलं. ते त्या नंबरच्या गाडीचं नव्हतं. उजव्या चाकातलं बेअरिंगही त्या नंबरचं नव्हतं.

५. मी पुढची सीट काढून खालचं कार्पेट उचललं. गाडीच्या तळाला या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगचा आडवा जोड आहे. तुझी गाडी ही एक गाडी नाही. अपघात झालेल्या दोन गाड्यांचे धड उरलेले अर्धे भाग कापून एकमेकांना चिकटवले आहेत.

६. बुधवारी संध्याकाळी दाजी गाडी घेऊन गेले. जोडाबद्दल मी त्यांना सांगितलं होतं.

७. शनिवारी पहाटे तुम्ही तिघं याच गाडीने घाट उतरून तुझ्या मोठ्या दिरांकडे जाणार आहात.

आज गुरुवार. पहिले सहा मुद्दे मी सातव्यासाठी लिहिले. तू आणि पिल्लू त्या गाडीत बसू नका. शनिवारी तर नाहीच, पण आज तुझ्या चष्म्याच्या दुकानातून घरी जातानाही नको. गाडी तिथेच राहू दे, चालू होत नाही म्हणून सांग, बसने जा. पत्र इथेच संपवून सही केली असती तरी खरं म्हणजे काम झालं असतं. पण मी तुला ओळखते. तू ते वाचून, नीट घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं असतंस आणि संध्याकाळी किल्ली घेऊन निमूट गाडीत बसली असतीस. म्हणून पुढचं लिहिते. चष्म्याची ही डबी आईने तुझ्या हातात दिली असेल. तिला वाटतंय आत फक्त तिचा चष्मा आहे आणि त्याची दांडी सैल झालीय. दांडीचा स्क्रू मीच सैल केला. मी स्वतः दुकानात आले असते, तर समोरच्या इमारतीतल्या त्यांच्या ऑफिसातून दाजींनी पाहिलं असतं. तू काउंटरवर आहेस की नाही हे त्यांना खिडकीतून दिसतं, असं तूच एकदा हसत सांगितलं होतंस. त्या दिवशी मीही हसले होते.

माझी नोकरी काय आहे, हे आई शेजारणींना सांगते तेव्हा म्हणते, "गाड्यांचा दवाखाना आहे, तिथे ही औषधाच्या खिडकीवर असते." तसं ते फार चूक नाही. गाडीचा कुठलाही भाग मागवायच्या आधी तो त्या गाडीला बसेल याची खात्री करायची, हे माझं काम. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या बाहेरून सख्ख्या जुळ्या दिसतात आणि आत वेगळ्या असतात. कंपनी मधेच एखाद्या महिन्यापासून बेअरिंग बदलते, ब्रेकची डिस्क मोठी करते, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला मॉडेल विचारत नाही की साल विचारत नाही. लोक छातीठोकपणे चुकीचं सांगतात. मी चासी नंबर घेते. तो कागदावर नाही, गाडीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. तुझ्या गाडीत तो ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, तळाच्या पत्र्यावर आहे. नंबर संगणकात घातला की ती गाडी कुठल्या महिन्यात बनली, तिला नेमकं काय लागतं, सगळं समोर येतं. माणसांवर विसंबायला नको म्हणून तर मी हे काम निवडलं, असं तू एकदा म्हणाली होतीस. मी तेव्हा चिडले होते, पण ते खरं असावं. तुझ्या गाडीचा नंबर मी सीट मागे सरकवून, टॉर्च धरून स्वतः वाचला. खोक्यावरचा नंबर खोकं फोडायच्या आधी ताडून पाहिला. कुठेही चूक नव्हती.

आणि बेअरिंग तोंडाशीच अडकलं. दोन मिलिमीटरने मोठं होतं. म्हणजे तुझ्या दुकानातल्या चष्म्याच्या काचेच्या जाडीइतकं. फोरमन ते हातात नाचवत सगळ्यांसमोर काउंटरवर आला आणि म्हणाला, "काय मॅडम, तुमच्या संगणकाला आज चहा मिळाला नाही वाटतं?" पोरं फिदीफिदी हसली. मी म्हटलं, "संगणकाला मिळालाय, कंपनीतल्या खोकी भरणाऱ्याला मिळाला नसेल." चुकीचा माल चुकून खोक्यात जातो कधीकधी. मलाही तसंच वाटलं. उशीर होईल हे सांगायला मी तुला फोन लावला. फोन दाजींनी उचलला. नेहमीसारखी तू अंघोळीला गेली होतीस. ताई दिवसातून किती वेळा अंघोळ करते गं, असं मी आईला गमतीने विचारायचे. आता विचारत नाही. मी दाजींना एवढंच म्हटलं की गाडीला मागवलेलं बेअरिंग बसत नाहीये, एक दिवस जास्त लागेल. ते मग म्हणाले, "अच्छा, गाडी तुझ्याकडे आहे होय." आणि लगेच, "मग आधीच्या मॉडेलचं मागव ना मेव्हणीबाई, ते बसेल. उगाच खोलात शिरत बसू नकोस." मी बरं म्हणून फोन ठेवला. गाडी माझ्याकडे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. माझ्या त्या फोनमुळे संध्याकाळी तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला माहीत नाही. तेव्हापासून तुझा एकही फोन नाही.

बुधवारी सकाळी बाकीचे यायच्या आत मी जुनं बेअरिंग धुऊन पुसून मोजलं. माप आधीच्या मॉडेलचं निघालं. इथपर्यंत मी घाबरले नव्हते. छोट्या अपघातानंतर लोक एखादा भाग जुन्या गाडीचा बसवून घेतात. पोरं आल्यावर मी उजवं चाक उघडायला लावलं. तिथेही आधीच्या मॉडेलचंच बेअरिंग. ब्रेकची डिस्क मोजली, तीही तसलीच. मग मागची चाकं उघडायला लावली. फोरमन म्हणाला, "मॅडम, गाडी तुमच्या बहिणीची आहे की तुमची पीएच.डी. चाललीय?" मागचं सगळं नंबरप्रमाणे होतं, अगदी नटांच्या आट्यांपर्यंत. पुढचं सगळं एका गाडीचं आणि मागचं सगळं दुसरीचं. मोजमाप मी थांबवलं ते इथे. कारण याचा अर्थ असा की मधे कुठेतरी एक गाडी संपते आणि दुसरी सुरू होते. ती जागा शोधायची तेवढी बाकी होती.

कार्पेटखाली काळ्या डांबरी लेपाचा पट्टा निघाला. तसला लेप गंज लागू नये म्हणून लावतात, पण लावायचा तर सगळ्या तळाला लावतात. हा वीतभर रुंद होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नंबराच्या जरा पुढे. तो खरवडला तर खाली वेल्डिंग. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्यावरही तोच जोड, पुट्टी भरून, घासून, वरून पांढरा रंग मारलेला. मी रंग नखाएवढा खरवडला. जोडाच्या पुढे पांढऱ्याखाली तांबडा निघाला, मागे नुसता पांढरा. तुझ्या गाडीचं तोंड आधी तांबडं होतं, ताई. ब्रेक दाबताना तुझी टाच जिथे टेकते, तिथून चार बोटांवर तो जोड आहे. तिथे एका ठिकाणी गंजाचा फोड आला होता. मी त्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, दाबलासुद्धा नाही, आणि तो आत गेला. काढला तेव्हा त्या भोकातून खाली वर्कशॉपची फरशी दिसली, फरशीवर सांडलेलं ऑइल दिसलं. मी किती वेळ तिथे गुडघ्यांवर बसून होते ते मला सांगता येणार नाही.

तू विचारशील, मग ती मोडेल का? मला माहीत नाही. हे वाक्य लिहायची मला सवय नाही, म्हणून पुन्हा लिहिते, मला माहीत नाही. दीड वर्ष चाललीय, अजूनही काही वर्षं चालेल. किंवा शनिवारी, सामान भरलेलं, माणसं बसलेली, उतारावर कुणीतरी आडवं आलं आणि ब्रेक जोरात दाबला गेला, की मागच्या अर्ध्याचा सगळा भार पुढच्या अर्ध्यावर लोटला जाईल, आणि त्या दोघांच्या मधे कुणीतरी घाईघाईत ओढलेली वेल्डिंगची एक रेघ आहे. समोरून धडक बसली तर धड गाडी पुढून चुरगळते. ती तशीच बनवलेली असते, चुरगळून माणसांना वाचवते. ही चुरगळणार नाही, उघडेल. मी कालपासून हे मनातल्या मनात वेगवेगळ्या वेगांनी करून पाहतेय. मला हिशेब थांबवता येत नाही. प्रत्येक हिशेबात पिल्लू मागच्या सीटवर मधोमध बसलेली असते, कारण तिला दोन्ही खिडक्या हव्या असतात.

फोरमनला बोलावून दाखवलं. तो वाकला, बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मॅडम, कार्पेट खाली टाका. हे आपण बघितलंच नाही. असल्या गाड्या करणारी माणसं चांगली नसतात." मग मी साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण गाडी कशासाठी घेतली?" मी म्हटलं, बेअरिंगसाठी. "मग बेअरिंग करून द्या. उद्या तुम्ही म्हणाल गिऱ्हाइकाचा संसारही तपासून देऊ." दुपारी बाजारातून आधीच्या मॉडेलचं बेअरिंग आलं आणि गपकन बसलं. गाडी फिरवून आणली तर आवाज पार गेलेला. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतोय. त्या गाडीत काहीतरी बरोबर नाही, हे सांगणारी एकच गोष्ट होती, तो आवाज. तो आम्ही बंद करून दिला.

संध्याकाळी दाजी आले ते पिल्लूला घेऊन. ती थेट माझ्या काउंटरवर चढली आणि खिशातून एक खेळण्यातली गाडी काढून म्हणाली, "मावशी, हिचं एक चाक हरवलंय, मागव ना." मी म्हटलं, "आधी गाडीचा नंबर सांग." ती म्हणाली, "सात." मी म्हटलं, "सात नंबरची चाकं संपलीत." तर म्हणते कशी, "मग आठची दे, मी घासून बसवते." दाजी खूप हसले. "बघ, तुझ्यापेक्षा हिला जास्त कळतं." मी तिला पाणी प्यायला पाठवलं आणि साहेबांसमोरच दाजींना जोडाबद्दल सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं तेही लिहिते, कारण ते महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, "दाजी, ही गाडी दोन गाड्यांची जोडून बनवलेली आहे, ती रस्त्यावर न्यायला नको." एवढंच. ते म्हणाले, "मग काय, दवाखान्यात ॲडमिट करून घेतेस का तिला?" साहेब हसले. दाजींनी बिल दिलं, किल्ली घेतली, दार उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "कार्पेट परत नीट बसवलंत ना? तुझ्या ताईला धूळ सहन होत नाही." निघताना मला जरा बाजूला घेऊन अगदी मायेने म्हणाले, "हे बघ, ताईला यातलं काही सांगू नकोस हं. ती आधीच धांदरट. घाबरून चालवायला लागली तर त्यात जास्त धोका." ते म्हणाले त्यात तथ्य आहे. ते तथ्य मी या पत्रात तुझ्यासमोर ठेवतेच आहे. हे वाचल्यावर तू घाबरून चालवशील. म्हणून चालवूच नकोस.

ते निघाले तशी मी हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली. कुठपर्यंत जायचं, जाऊन काय करायचं, काही ठरवलं नव्हतं. नुसती मागे मागे गेले. तू माझ्या सायकलमागे कॅरिअर धरून धावायचीस तशी. बाकीच्यांच्या ताया म्हणे मधेच गुपचूप हात सोडायच्या आणि पोरं आपोआप शिकायची. तू सोडलाच नाहीस. मी आता येतं म्हणून ओरडत होते, तुझा दम लागलेला मला ऐकू येत होता, आणि तरी तू धरून धावत होतीस. बाजाराच्या चौकानंतर रस्ता नुकताच धुतला होता. गाडी त्या ओल्यावरून पलीकडे कोरड्यावर गेली आणि मागे चाकांचे ओले पट्टे उमटले. सरळ जाणाऱ्या गाडीचे दोन उमटतात, कारण मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जातात. तुझ्या गाडीचे चार उमटले. तिचं मागचं धड पुढच्याच्या जरा बाजूने चालतं, ताई, एखादा माणूस कुणाशी तरी अंग चोरून चालावा तसं. पिल्लूने मागच्या काचेतून मला ओळखलं. तोंड काचेला चिकटवून ती हात हलवत होती. मी हँडलवरचा एक हात सोडून हलवला. सिग्नलला ते पुढे निघून गेले आणि मी थांबले.

आता तक्रारीचं. अशी गाडी बनवणं गुन्हा आहे, आणि परिवहन कार्यालयात मी आज सकाळीच जाऊ शकले असते. गेले नाही, याचं कारण तुला आठवत असेल. गाडी तुझ्या नावावर आहे. तुझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर त्यांनी तुझ्या ओंजळीत किल्ली ठेवली, गाडीच्या कागदांवर तुझी सही आधीच घेतलेली होती, आई आनंदाने रडली. मी तेव्हा म्हटलं होतं की घ्यायच्या आधी मला एकदा दाखवायची होती. त्यावर दाजी म्हणाले, "घरच्या भेटीची कुणी तपासणी करतं का?" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. तू मात्र माझ्याकडे पाहिलं नव्हतंस. तू हातातल्या किल्लीकडे बघत होतीस. उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न तुला विचारला जाईल, आणि दाजी तुझ्या बाजूला उभे राहून काय सांगतील याची मला खात्री देता येत नाही.

कारण त्यांना माहीत होतं. हे मी रागाने लिहीत नाही, मी ते तपासून पाहिलंय. मंगळवारी मी त्यांना फक्त "बसत नाही" एवढंच म्हटलं होतं. मोठं आहे की लहान, हेसुद्धा नाही. आधीच्या मॉडेलचं बसेल हे मला दुसऱ्या दिवशी मोजल्यावर कळलं. त्यांना ते न मोजता माहीत होतं, आणि हे ते दाजी आहेत ज्यांच्या घरात बल्बसुद्धा तू बदलतेस. म्हणजे याआधी कधीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजात, पुढचा एखादा भाग असाच बसला नसणार आणि कुणीतरी त्यांना का ते सांगितलं असणार. तरीही मी म्हटलं असतं की अंदाज असेल. पण जोड आहे म्हटल्यावर माणूस "कुठे?" असं विचारतो. खाली वाकतो. निदान विश्वास नाही म्हणून तरी वाद घालतो. त्यांनी कार्पेटचं विचारलं, आणि मी कार्पेटचा शब्दही काढलेला नव्हता. त्यांना मी राक्षस ठरवत नाही. कदाचित ते फसले असतील आणि आता चारचौघांत ते कबूल करणं जड जात असेल. कदाचित काही होत नाही असंच त्यांना मनापासून वाटत असेल. शनिवारी स्टिअरिंगवर तेच असणार आहेत. पण हे माहीत झाल्यावरही रोज सकाळी पिल्लूचं दप्तर मागे टाकून, दार लावून, तुम्हाला हात करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. गाडीची वाटते त्यापेक्षा जास्त. आणि कालपासून मला अशा कितीतरी जागा आठवताहेत जिथे तू एक क्षण उशिरा हसली होतीस.

एवढं लिहूनही एक गोष्ट उरते, आणि खरं तर हे पत्र तिच्यासाठी आहे. तुमच्या घरासमोर गॅरेज आहे. तिथला मिस्त्री दाजींच्या ओळखीचा आहे. बेअरिंग त्यानेही बदलून दिलं असतं. दाजी कामासाठी बाहेरगावी असताना, दुकानाला सुट्टी टाकून, तू शहराच्या या टोकाला माझ्याकडे आलीस. गाड्या सोडून गिऱ्हाइकं आत पंख्याखाली जाऊन बसतात. तू गाडीजवळच उभी होतीस, काचेशेजारच्या खांबावर हात ठेवून, जिथे मी नंतर रंग खरवडला. मी नंबर लिहून घेत होते तेव्हा तू म्हणालीस, "मागवायच्या आधी तू स्वतः नीट बघशील ना?" मी म्हटलं, "आता हेही तूच शिकव मला." तू हसली नाहीस. लहानपणीही तू कधी तोंडाने काही सांगितलं नाहीस. ताप आला की थर्मामीटर माझ्या उशीवर ठेवून आपल्या पांघरुणात जाऊन पडायचीस. मी तो बघायचे आणि आईला हाक मारायचे. आपल्यात ते कधी ठरलं नव्हतं, पण तसंच चालायचं. तू सोमवारी गाडी दुरुस्त करून घ्यायला आली नव्हतीस, असं मला आता वाटतं. तुझ्या तोंडून जे निघत नव्हतं, ते तू माझ्यासमोर आणून ठेवलंस आणि मला ते सापडतंय का याची वाट पाहिलीस. मी तुला सावध करायला लिहीत नाहीये, ताई. तुला माझ्याआधीपासून माहीत असावं. मला सापडलं, हे कळवायला लिहितेय. आई आणि मी दोघीच असतो, मधली खोली रिकामी आहे, पिल्लूची शाळा इथूनही एका बसवर आहे. गाडीचं काय करायचं, तुझ्या सहीचं काय करायचं, ते आपण दोघी मिळून एखाद्या वकिलाला विचारू. त्यासाठी तू आधी त्या गाडीतून उतरायला हवंस. माझं चुकत असेल तर तसं सांग. मी तुला पुढे काही विचारणार नाही. पण शनिवारी पहाटे मी तुमच्या फाटकासमोर उभी असेन आणि ती गाडी बाहेर जाऊ देणार नाही, मग दाजी मला काय म्हणायचं ते म्हणोत.

उद्या, शुक्रवारी, दुपारी दोनच्या आत दुकानाच्या फोनवरून आमच्या पार्ट काउंटरला फोन कर. फोन मीच उचलते. जास्त बोलायला नको, मी तुम्हा दोघींना घ्यायला येऊ का, एवढ्याचं हो किंवा नाही सांग.

तुझीच,
फूटपट्टी